गंजलेला पत्रा बदलावा कसा?
जुन्या अँबेसेडर-पद्मिनीचे काम घेणाऱ्या कारागिरांसाठी

आपल्या परभणी जिल्ह्यात एके काळी सोयरिकीपासून दवाखान्यापर्यंत अँबेसेडर आणि फियाट याच मोटारी धावत. कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी २००१ पर्यंत बंद झाली. उत्तरपाड्याच्या कारखान्यातील अँबेसेडरचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले. आता कंपनीचा तयार पत्रा सहजासहजी हाती लागत नाही. म्हणून जो कारागीर घरच्या अंगणात पत्रा घडवून बसवू शकतो, त्याच्या हुनराला शौकीन मालकांकडून मागणी आहे. हे काम नीट कसे करावे, ते आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

गंज कोठे लागतो?

आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात मडगार्डच्या आत आणि दाराखालच्या पोकळ पेटीत, म्हणजे सिलमध्ये, चिकटून बसते. ती ओल धरून ठेवते, त्यामुळे पत्रा आतून सडतो आणि वरून रंग शाबूत दिसतो. तपासताना लोहचुंबक फिरवावे. जेथे ते चिकटत नाही, तेथे जाड पुट्टी भरलेली आहे असे समजावे. शंका येईल तेथे पेचकसाने टोचून पाहावे.

कापण्यापूर्वी

या दोन्ही गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासीस नाही. बॉडीच सारा भार पेलते आणि त्यात सिलचा वाटा मोठा असतो. दोन्ही बाजूंचे सिल एकदम कापले तर गाडी मध्ये झुकते व दारे लागत नाहीत. म्हणून गाडी सपाट जागी, मजबूत घोड्यांवर घ्यावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. दारांच्या फटी मोजून लिहून ठेवाव्यात, दाराच्या चौकटीत लोखंडी आडवा टेकू द्यावा आणि एक बाजू पूर्ण झाल्यावरच दुसरीला हात लावावा.

बॅटरीच्या तारा सोडवाव्यात. पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते, कारण आत पेट्रोलची वाफ साठलेली असते.

पत्रा आणि वेल्डिंग

बाहेरच्या भागासाठी साधारण २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीचा सी.आर. पत्रा चालतो. सिल व फ्लोअरसाठी मूळ पत्र्याची जाडी मोजून तेवढाच घ्यावा. जस्ताचा मुलामा असलेला जी.आय. पत्रा वेल्ड करताना निघणारा धूर छातीला बाधतो, तो टाळावा. गंजलेला भाग चकचकीत निरोगी धातू लागेपर्यंत कापावा. पुठ्ठ्याचा नमुना कापून पत्रा त्यावरून घडवावा. सांध्याच्या आतील बाजूला जस्तयुक्त प्रायमर लावावे.

गॅसच्या ज्योतीने पातळ पत्रा वाकडा होतो, म्हणून सी.ओ.टू. वेल्डिंग बरे. आधी थोड्या थोड्या अंतरावर टाके मारावेत. एक टाका येथे, दुसरा दूर, असे करीत पत्रा थंड होऊ द्यावा. दार लावून फटी पुन्हा मोजाव्यात आणि मगच टाके जोडावेत. शेवटी सांधे सीलरने बुजवून पोकळीत मेण किंवा गंजरोधक तेल सोडावे. पाणी निघून जाण्याची मूळ छिद्रे बुजवू नयेत, नाहीतर नवा पत्राही सडेल.

हिशेब आणि कागद

गंज किती खोल आहे हे कापल्याशिवाय कळत नाही. म्हणून आधी तपासणीचा व उघडण्याचा दर सांगावा आणि गाडी उघडल्यावर मालकाला प्रत्यक्ष दाखवून पुढचा दर ठरवावा. काढलेला पत्रा त्याच्या समोर ठेवावा. चासीस नंबरच्या जागेला हात लावू नये. रंग बदलल्यास आर.सी.वर नोंद करून घ्यावी लागते. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नव्याने करावी लागते व त्या वेळी गाडी तपासली जाते, हेही मालकाला सांगावे.

काही ग्राहक म्हणतील, "वरून पुट्टी मारून द्या, गाडी विकायची आहे." मडगार्डवरची पुट्टी फार तर उखडून पडेल. सिलमधली पुट्टी मात्र अपघातात बसणाऱ्यांच्या जिवावर बेतू शकते. असे काम आपण नाकारावे. ऐब झाकून मिळालेली मजुरी एकदाच मिळते, पण सचोटीने पत्रा बसवणाऱ्याचे नाव जिंतूर-सेलूपासून गंगाखेडपर्यंत तोंडोतोंडी पोहोचते आणि पुढची गाडी आपणहून अंगणात येते.