आतले टाके कोण काढते?

पालघर जिल्ह्यातल्या सरावली गावी मुलांशी शरीररचनेविषयी गप्पा मारीत असताना सातवीतल्या एका मुलीने मला विचारले, "माझा भाऊ सिझेरियनने झाला. आईच्या पोटावरचे टाके दवाखान्यात काढले. पण आतले टाके कोणी काढले?" तुम्हाला हसू आले ना? हसू नका. याच प्रश्नापाशी मोठमोठे शस्त्रवैद्य शेकडो वर्षे अडले होते आणि त्यापायी कितीतरी माता दगावल्या.

आधी नावाचा घोळ मिटवू. ज्यूलियस सीझर असा जन्मला म्हणून हे नाव पडले, असे तुम्ही ऐकले असेल. ते खरे दिसत नाही. सीझर गॉलच्या मोहिमेवर गेला तेव्हाही त्याची आई ऑरेलिया हयात होती, आणि त्या काळी पोट चिरल्यावर आई जगणे जवळजवळ अशक्यच होते. लॅटिन भाषेत 'कापणे' या अर्थाचे जे क्रियापद आहे, त्यावरून हे नाव आले असावे.

पोट चिरण्याची कल्पना आपल्याकडेही जुनीच. प्रसूतीच्या वेळी आई एकाएकी मरण पावली आणि तिच्या पोटात हालचाल दिसली, तर वैद्याने तत्काळ पोट चिरून मूल बाहेर काढावे, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. शरीर शिकण्याची रीतही तिथेच आहे. मृतदेह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचा. मग वाळ्याच्या कुंचल्याने हळूहळू घासून एकेक थर डोळ्यांनी पाहायचा. सुरीशिवाय केलेले शवविच्छेदनच म्हणा ना!

युरोपात १५४३ मध्ये व्हेसॅलियसचा शरीररचनेवरचा सचित्र ग्रंथ निघाला. पोटात काय कोठे असते हे हळूहळू स्पष्ट होत गेले. पण चिरलेले गर्भाशय बंद कसे करावे? ती जाड स्नायूंची पिशवी आहे, आपोआप आकसेल आणि जखम मिटेल, असा समज होता. शिवाय आत टाके घातले तर ते काढणार कसे? म्हणून आतली जखम उघडी ठेवून वरचे पोट तेवढे शिवीत. आत रक्त वाहत राही, जखम दूषित होई. भूल आली, जंतुनाशके आली, तरी ही उघडी जखम राहिलीच. १८७६ मध्ये इटलीत पोरो या शस्त्रवैद्याने शेवटी गर्भाशयच कापून काढले. आई वाचली, पण तिला पुन्हा मूल होणे कायमचे बंद!

१८८२ मध्ये जर्मनीतल्या मॅक्स सेंगर यांनी गर्भाशय चांदीच्या तारेने आणि रेशमाने शिवण्याची पद्धत मांडली. टाके आत राहिले तरी बिघडत नाही, हे पटू लागले. पुढे मेंढीच्या आतड्यापासून केलेला, शरीरात आपोआप विरघळणारा धागा वापरात आला. आज बहुधा कृत्रिम धागा असतो. तेव्हा सरावलीच्या मुलीला उत्तर असे, की ते टाके कोणी काढीतच नाही.

चीर कोठे द्यावी, हेही रचनेनेच शिकवले. गर्भाशयाचा वरचा भाग जाड असतो आणि प्रसूतीनंतरही सारखा आवळतो-सैलावतो, त्यामुळे टाके ढिले पडतात. खालचा भाग पातळ आणि शांत. तिथे रक्तही कमी जाते. मात्र त्याच्यासमोरच मूत्राशय असते, ते अलगद खाली सारावे लागते. १९२० च्या दशकात ग्लासगोच्या मन्रो कर यांनी या आडव्या, खालच्या चिरेचा पुरस्कार केला आणि तीच जगभर रूढ झाली.

एक टाका मात्र आपल्या माणसाच्या नावाने ओळखला जातो. गोव्यातल्या शिरोड्यात १८९९ मध्ये जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले. काही स्त्रियांचे गर्भाशयाचे मुख अकालीच उघडते आणि गर्भ पडतो. शिरोडकरांनी त्या मुखाभोवतीच टाका घालून, पिशवीचे तोंड नाडीने आवळावे तसे ते आवळले. १९५५ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. दिवस भरत आले की हा टाका काढतात. काही वेळा तो तसाच ठेवून सिझेरियन करतात.