पत्र्याच्या अल्याड-पल्याड

भंगारवाल्याने ट्रेलरभोवती दोन फेऱ्या मारल्या, पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि किलोचा भाव सांगितला. धाकटा भाऊ हो म्हणणार होता. त्याचंही काही चुकत नव्हतं. दहिवलीच्या आमच्या वाडीत आंब्याखाली गेली कित्येक वर्षं तो ट्रेलर नुसता उभा होता. आत कोंबड्या अंडी घालत आणि पावसाळ्यात छपरातून धारा लागत. मी म्हटलं, "पावसापर्यंत थांब. छप्पर गळायचं थांबलं तर ठेवू, नाही तर देऊन टाक." तेव्हा मार्च लागला होता.

ट्रेलर चार मीटर लांब, जीपमागे ओढायचा, कासवाच्या पाठीसारखा गोल. खोपोलीकडच्या एका कारखान्याने तो फिरत्या दवाखान्यासाठी बांधून घेतला होता. १९८३ साली तो मोडीत निघाला तेव्हा दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, घेतला. त्यातून आम्हा भावंडांना सगळं कोकण दाखवायचं त्यांच्या मनात होतं. दाखवलं एकदाच, तेही मुरूडपर्यंत.

पैसे कमी पडले म्हणून त्यांनी माझ्या मामांकडून उसने घेतले होते. मामा एस.टी.च्या दापोडी वर्कशॉपमध्ये बॉडी बांधायच्या कामावर. त्यांनी पैसे दिले, पण "हे भंगार घेऊ नका" असं चारचौघांत सांगितलं. दादांना ते लागलं. पुढे छप्पर गळू लागलं तेव्हा महाराष्ट्रातला ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा एक जाणकार आमचा सख्खा मामा असताना दादांनी बाजारातून लोखंडी रिव्हेट आणली आणि स्वतःच ठोकली. मेहुण्या-मेहुण्यांचं बोलणं त्यानंतर बंद झालं ते झालंच. दादा गेले तेव्हा मामा आले होते. पण अंगणात बसले ते ट्रेलरकडे पाठ करून.

त्यांना फोन करायला मला आठवडा लागला. ते म्हणाले, "वीज आहे का तिथं?" मी म्हटलं, "नाही." "मग येतो." अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस पुण्याहून घाट उतरून कर्जतला आला, खांद्यावर रेक्झिनची पिशवी, आणि पिशवी उचलायला गेले तर ती मला उचलेना.

विजेची गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या एका अंगाला खोपोलीचं वीजघर, १९१५ सालचं. दुसऱ्या अंगाला भिवपुरीचं, १९२२ सालचं. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी खाली सोडून टाटांनी मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज केली, ती याच दोन ठिकाणी. भिवपुरीला काम करून सुटलेलं पाणी राजनाल्याने आमच्या तालुक्यातल्या उन्हाळी भाताला मिळतं. वाडीत मात्र मीटर नाही. त्यामुळे कॉम्प्रेसर नाही, हवेवर चालणारी हातोडी नाही, विजेचं ड्रिल नाही. भावाने जनरेटर भाड्याने आणू म्हटलं, तर मामा नको म्हणाले. "त्याच्या आवाजात काही ऐकू येणार नाही." काय ऐकायचं ते मला तेव्हा कळलं नाही.

असे गोल पाठीचे चकचकीत ट्रेलर अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात निघाले. हॉली बाउलस याने १९३४ साली केलेला, आणि मग १९३६ साली वॉली बायम याचा एअरस्ट्रीम. हा बाउलस म्हणजे लिंडबर्गच्या अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानाच्या बांधणीवर देखरेख करणारा माणूस. ट्रेलरची कल्पनाही विमानाचीच: पातळ पत्रे रिव्हेटांनी एकमेकांना शिवायचे, म्हणजे पत्र्याचं कवच स्वतःच भार पेलतं. आपल्याकडे सर्वसामान्यांनी हे काम रोज पाहिलं ते एस.टी.त. लाल डब्याचे पत्रे वर्षानुवर्षं ॲल्युमिनियमचेच होते. गेल्या दशकाच्या अखेरीपासून महामंडळ माइल्ड स्टीलच्या गाड्या बांधू लागलं. मामा ती बातमी वाचून दोन दिवस गप्प होते, असं मामी सांगते.

पहिल्या दिवशी मामांनी नुसतं पाहिलं. दादांच्या प्रत्येक लोखंडी रिव्हेटभोवती पत्र्याला पांढरी भुकटी आली होती, पत्रा सोलल्यासारखा. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून ओले राहिले की त्यांची बारीकशी बॅटरी तयार होते आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. वर्षाला शंभराहून जास्त इंच पाऊस पडणाऱ्या गावात याहून काय वेगळं होणार? मला वाटलं, आता मामा काहीतरी बोलतील. ते एवढंच म्हणाले, "काढायला लागतील सगळी."

काढण्यात तीन आठवडे गेले. हाताने फिरवायचं ड्रिल डोक्याच्या बरोबर मधोमध धरायचं, डोक्याच्या जाडीइतकंच आत जायचं, मग छिन्नीने डोकं उडवायचं आणि दांडा पंचने बाहेर. जरा हात सरकला की भोक लांबट होतं आणि मग पुढच्या मापाची जाड रिव्हेट घालावी लागते. माझ्याकडून अशी चाळीसेक भोकं वाया गेली. मामांनी त्या प्रत्येकाभोवती खडूने गोल काढला, ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

बसवायच्या रिव्हेटही ॲल्युमिनियमच्याच. मामा त्यांना 'रिपिट' म्हणतात. जोडातून दांडा किती बाहेर यावा याचा हिशोब सोपा: जाडीच्या दीडपट. ठोकून झाल्यावर जे नवं डोकं तयार होतं ते जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच. पत्र्याच्या कडेपासून भोक निदान दुप्पट जाडीइतकं आत. काम पहाटे. का, तर चार मीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा तीस अंशांच्या फरकाने पावणेतीन मिलिमीटर वाढतो आणि खालची लोखंडी चौकट त्याच्या जेमतेम निम्मी. सकाळी जुळलेली भोकं अकराला जुळत नाहीत. मग आम्ही चहा घ्यायचो आणि मामा सावलीला आडवे व्हायचे.

रिव्हेट एकट्याने बसत नाही. बाहेरून एकाने डोक्यावर स्नॅप ठेवून हातोडी मारायची, आतून दुसऱ्याने दांड्यावर जड पोलादी ठोकळा दाबून धरायचा. या ठोकळ्याला डॉली म्हणतात. मामांच्या पिशवीचं वजन तिचंच होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विमान कारखान्यांत हजारो बायका अशा जोडीने काम करत. दोघींच्या मध्ये पत्रा, त्यामुळे एकमेकींना दिसायचं काही नाही. नवं डोकं कसं झालं ते फक्त आतल्या माणसाला कळतं. म्हणून आतून ठोके द्यायचे. एक ठोका: अजून मार. दोन: झालं. तीन: बिघडलं, काढ.

आत मी होते. ट्रेलरच्या पोटात उन्हाआधीही घाम फुटायचा. मामांचे घाव मोजके आणि भक्कम. फार टुकटुक केलं की ॲल्युमिनियम मार खाऊन कडक होतं आणि डोक्याला चिरा जातात. पहिल्या दिवशी मी भीतभीत प्रत्येक वेळी दोन ठोके दिले. मामा आत आले, टॉर्च मारली आणि अकरा रिव्हेट काढायला लावल्या. "मला वाईट वाटेल म्हणून दोन ठोके देऊ नकोस पोरी. बाहेरच्याला दिसत नाही. तू खोटं सांगितलंस तर पाऊस आत येईल."

त्यानंतर मी खरे ठोके देऊ लागले. सवयीने घावाच्या आवाजावरूनही कळू लागलं: पत्रे नीट भिडलेले असतील तर भरीव, मध्ये फट असेल तर फुटक्या भांड्यासारखा. हेच मामांना ऐकायचं होतं. पूर्वेकडून लोणावळ्याची गाडी घाट चढू लागली की तेवढा वेळ आम्ही थांबायचो.

मेच्या मध्याला दारावरच्या पट्टीशी पोचलो. तिथे दादांच्या हातच्या बावीस रिव्हेट होत्या, पण या लोखंडी नव्हत्या. कुठून तरी ॲल्युमिनियमच्या मिळवल्या असणार. मामांनी एकेकीवर अंगठा फिरवला, आत येऊन मागची डोकी पाहिली. खूप वेळ पाहिली.

"आत कोण होतं धरायला?" त्यांनी विचारलं.

मला आठवलं. आई होती. एका दुपारी ती त्यात बसून डॉलीऐवजी वरवंटा धरत होती आणि आम्ही हसत होतो.

"तुझ्या वडिलांनी हे बरं मारलंय," मामा म्हणाले आणि ती ओळ तशीच ठेवून पुढच्या पट्टीकडे वळले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात विहिरीच्या बादल्यांनी छपरावर पाणी ओतलं. पंप नव्हता, म्हणून भाऊ आणि त्याची मुलं शिडीवरून बादल्या हातोहात चढवत होती. मी आत, हातात खडू. मामा बाहेर आंब्याला टेकून. पुढच्या कोपऱ्यात, गोल पत्रा वळतो तिथे, एक थेंब जमला, लोंबला आणि पडला. मी तिथे खडूने फुली केली आणि आतून पत्र्यावर तीन ठोके दिले.

बाहेरून मामांचा आवाज आला, "ड्रिल आण."