उत्तर 980 आले नाही तरी

लंबकाचा प्रयोग शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला एक गोष्ट ठाऊक असते. मुलांच्या जर्नलमध्ये गुरुत्वीय त्वरणाचे उत्तर नेमके 980 येते. कसे येते, तेही ठाऊक असते. पुस्तकात 980 छापलेले असते आणि निरीक्षणे मागाहून त्याला जुळवली जातात. गंमत अशी की मुंबईत ते 980 नाहीच, सुमारे 978.6 आहे (सेंटीमीटर, सेकंद या मापात). विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जावे तसे ते वाढत जाते. इथे मेलबर्नला मात्र ते जवळजवळ 980 भरते.

टार्निटला बारावीत असलेल्या माझ्या नातवाने हाच प्रयोग केला. लंबकाची लांबी 100 सेंमी, 20 आंदोलनांना 40.3 सेकंद, उत्तर 972. स्वारी खट्टू! पण इथल्या व्हीसीईच्या अभ्यासक्रमात उत्तराबरोबर ते किती कमी-जास्त असू शकेल, याचाही विचार करावा लागतो. तो हिशोब सोपा आहे. स्टॉपवॉचचे बटण दाबताना बोट थोडे मागेपुढे होते, धरा 0.2 सेकंद. चाळीस सेकंदांत 0.2 म्हणजे अर्धा टक्का. सूत्रात काळाचा वर्ग असतो, म्हणून तो दुप्पट होऊन एक टक्का. पट्टीवरचा एखादा मिलिमीटर म्हणजे फक्त 0.1 टक्का, तो सोडून देऊ. तेव्हा उत्तर झाले 972, अधिक-उणे 10. म्हणजे 962 ते 982. त्यात 980 बसते, आणि मुंबईचे 978.6 सुद्धा बसते! या लंबकाला दोन्ही शहरांतला फरक कळणारच नाही. 20 ऐवजी 100 आंदोलने मोजली, तर बोटाची चूक तेवढीच राहते पण वेळ पाचपट होतो, म्हणून तिचा वाटा पाचपट घटतो.

दुसऱ्या जातीची चूक मात्र अशी घटत नाही. आपल्या कोकणातल्या शनवार तेल्यांचेच पाहा. तेल मापताना कधी चार थेंब जास्त, कधी कमी. दिवसभरात ते सारखे होते. पण मापालाच पोचा पडला असेल तर हजार वेळा मापले तरी तेल कमीच भरणार. लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता वरच्या टोकापर्यंत मोजली, की हेच होते. दोन सेंमी व्यासाचा गोळा असेल तर एक सेंमी लांबी हरवते आणि उत्तर दर वेळी एक टक्का कमी येते.

आता आपल्या वयाचा प्रयोग, साखर मोजण्याचे यंत्र. आयएसओ 15197 या 2013 च्या मानकानुसार 5.6 च्या वरची 100 पैकी 95 मापे प्रयोगशाळेच्या आकड्याच्या 15 टक्क्यांच्या आत असली की यंत्र चालते. यंत्राने 7 दाखवले तर खरा आकडा साधारण 6 ते 8 मध्ये कुठेही असू शकतो. काल 6.8 आणि आज 7.2 आले म्हणून जेवण टाकणाऱ्या आजीबाई माझ्या ओळखीच्या आहेत. तेवढा फरक त्या यंत्राला सांगताच येत नाही. आठवडाभराचे आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावेत. जेवण टाकू नये.