मोडेम, द्रुतगती

संगणकातील अंकीय संकेतांचे दूरध्वनीच्या तारेवरून जाऊ शकणाऱ्या संकेतांत व उलट रूपांतर करणारे साधन. दूरध्वनीची योजना मूळची मानवी आवाजासाठी असल्याने तीतून सु. ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ कंप्रतांचेच संकेत जातात. तरीही व्ही.३२ या मानकाने (१९८४) दर सेकंदास ९,६००, व्ही.३२ बिसने (१९९१) १४,४००, तर व्ही.३४ ने (१९९४) २८,८०० बिटांपर्यंत मजल गाठली.

हे आकडे दोन मोडेमांमधील कमाल वेगाचे होत. प्रत्यक्षात फाइल पुष्कळदा त्याहून सावकाश येई आणि जेथे आकारणी वेळेनुसार असे तेथे खर्च वाढे. दोष अनेकदा मोडेमचा नसून संगणकाच्या सीरियल पोर्टचा असे. त्यातील ८२५० व १६४५० या चिपांत आलेला एकच बाइट राखून ठेवता येई. संगणकाने तो वेळीच उचलला नाही, तर पुढील बाइटामुळे तो नष्ट होई व मजकुराचा तो सबंध भाग पुन्हा मागवावा लागे. १६ बाइट रांगेत धरणाऱ्या १६५५०ए चिपेमुळे ही अडचण बरीच दूर झाली. व्ही.४२ बिस पद्धतीने मजकूर चौपटीपर्यंत आकसत असल्याने पोर्टचा वेग तारेवरील वेगाहून बराच अधिक, उदा., ५७,६०० बिट, ठेवणे इष्ट असे. ‘थांबा’ ही सूचनाही स्वतंत्र तारेवरून देणे विश्वसनीय ठरे. आधीच संपीडित केलेल्या फाइलीस मात्र या आकसण्याचा लाभ नसे. घरातील सैल जोडांमुळे गोंगाट वाढला, की मोडेम आपोआप खालच्या वेगावर उतरे. तेथे संगणकातील कोणतीही दुरुस्ती उपयोगी पडत नसे.