बार फुसका का निघतो?

चैत्र लागला की जुन्नर-आंबेगावातल्या यात्रापत्रिकांवर बैलगाड्यांच्या खाली एक ओळ हमखास दिसते : ‘रात्री शोभेचे दारूकाम’. त्याखाली तमाशा. नवख्या पाहुण्याला हसू फुटते. पण ही दारू म्हणजे मूळ फारसीतले ‘औषध’. चिनी माणूसही स्फोटाच्या दारूला ‘अग्नि-औषध’च म्हणतो.

या दारूने आपल्या बोलण्यातही ठाण मांडले आहे. तंबाखूची चिमूट गालात सारणारा ‘बार भरतो’, पोरीचे लग्न उरकणारा ‘बार उडवून देतो’ आणि पुढाऱ्याचा गौप्यस्फोट हवेत विरला की ‘बार फुसका निघाला’. बार म्हणजे बंदुकीत एका खेपेला भरायची दारू. या तिन्हींत मला फुसका बार सर्वांत अचूक वाटतो. त्यात अख्खे रसायन आहे.

दारूत तीन चतुर्थांश सोरा, उरलेला कोळसा आणि गंधक. उघड्यावर काडी लावली तर भसकन जाळ होतो, आवाज नाही. तीच नळीत ठासून कोंडली की वायूचा दाब चढतो, दाबासरशी जळण्याचा वेग वाढतो आणि धडाका होतो. पेटवायला बंदुकीच्या कानाशी रंजक, म्हणजे चिमूटभर बारीक दारू. दारू दमट असेल तर बरीचशी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. आग कणाकणाने रेंगाळते आणि दाब चढण्याआधीच वायू गोळीच्या कडेने, कानातून निसटतो. तोच तो ‘फुस्स’!

शुद्ध सोरा ओल फारशी धरत नाही. पण जुना सोरा माती धुऊन काढलेला. त्यात मीठ आणि इतर क्षार राहत, तेच हवेतले पाणी ओढत. जीवधन, चावंडसारख्या घाटमाथ्याजवळच्या गडांवर तर पावसाळाभर धुके. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात म्हणूनच दर आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून, ऊन देऊन, पुन्हा मोहोर करून ठेवण्याची ताकीद आहे. आषाढात ते ऊन कुठून आणायचे, हे बिचाऱ्या हवालदारालाच ठाऊक.

इंग्रजांनी चावंडवर तोफा डागल्या त्या 1818 च्या मे महिन्याच्या आरंभी. पावसाला अजून महिना होता.