लिलावातली सही खरी की खोटी?

संस्थेसाठी निधी जमवायचा म्हटला की हॉल, जेवण, गाणी आणि शेवटी लिलाव, हे आता ठरूनच गेले आहे. बेरशेवा, दिमोना, अश्दोद, लोद येथे आपल्या लोकांनी क्रिकेट जिवंत ठेवले. तेव्हा टेबलावर तेंडुलकरच्या सहीची बॅट दिसली की बोली चढणारच. 'सही खरी कशावरून?' असे चारचौघांत विचारायची आपल्याला भीड वाटते. खोटा माल खपवणाऱ्याला हीच भीड हवी असते.

अमेरिकेत एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' या मोहिमेत १९९९ साली सॅन दिएगोकडच्या टोळीवर छापे घातले. त्यांच्या मालात चक्क मदर टेरेसांच्या सहीचा बेसबॉलचा चेंडू होता! आणि हो, मालाबरोबर खरेपणाची प्रमाणपत्रेही मिळत. म्हणून नुसत्या प्रमाणपत्रावर जाऊ नका. ते देणारा कोण ते बघा.

घरचे भिंग सोबत न्यावे. छापील सहीत बारीक ठिपके दिसतात, पेनाचा दाब दिसत नाही. नक्कल करणारा हळूहळू गिरवतो, त्यामुळे रेघ थरथरते. दोन वस्तूंवरच्या सह्या तंतोतंत सारख्या असतील तर त्या छापाच्या किंवा यंत्राच्या समजाव्या. माणूस दोनदा अगदी तशीच सही करत नाही. शाईचाही विचार करा. आइनस्टाइन १९५५ साली वारले, शार्पी मार्कर १९६४ साली निघाला. मार्करने केलेली त्यांची सही कुठून येणार?

सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे वस्तू कुठून कुठे गेली याची हकीकत. १९२२ साली तोक्योच्या हॉटेलात आइनस्टाइननी निरोप्याला बक्षिसीऐवजी हाताने लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या दिल्या. त्यातली एक २०१७ साली यरुशलेममध्ये सुमारे १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. ती विकायला आणली होती त्या निरोप्याच्याच नातेवाइकाने.

पुष्कळदा वस्तू दान केलेली नसतेच. व्यापारी ती लिलावापुरती देतो आणि आपली किंमत आधी कापून घेतो. समजा त्याची किंमत चार हजार शेकेल आणि बोली साडेचार हजारांवर थांबली, तर संस्थेच्या पदरात पाचशे! बाकीचे चार हजार त्याच्या खिशात, आणि सही खोटी निघाली तर बोल मात्र संस्थेला. तेव्हा बोली लावण्यापूर्वी खजिनदारांना विचारावे, वस्तू दान आहे की विक्रीची? आणि सही खोटी ठरल्यास पैसे परत मिळतील, एवढे पावतीवर लिहून घ्यावे.