आधी देश विचारा, मग किंमत!

शिडाच्या बोटीसाठी परदेशातून ईपर्ब मागवताय? मग दुकानदाराला पहिला प्रश्न सवलतीचा नको, हा विचारा: "यात कोणत्या देशाचा कोड भरलाय?"

पाण्याच्या बाटलीएवढा हा पिवळाजर्द बीकन बुडत्या बोटीतून थेट उपग्रहाला हाक मारतो. त्या हाकेत बीकनची स्वतःची ओळख असते, १५ चिन्हांची. त्या ओळखीतच देशाचा तीन आकडी क्रमांक गुंफलेला असतो. भारताचा ४१९, ऑस्ट्रेलियाचा ५०३, न्यूझीलंडचा ५१२. बीकन ज्या देशात विकायला ठेवलेला असतो, त्या देशाचा कोड त्यात बहुतेक वेळा आधीच भरलेला असतो. खरी गोम इथेच आहे.

चुकीचा कोड असला तरी उपग्रह हाक ऐकतोच, याबद्दल निश्चिंत राहा. पण "ही बोट कुणाची? माणसं किती? घरचा फोन नंबर काय?" ही विचारणा जाते कोडातल्या देशाकडे. तिथल्या वहीत तुमचं नावच नसेल, तर शोध घेणाऱ्यांना घरच्यांना विचारता येत नाही, बोटीचा रंगही कळत नाही. खवळलेल्या समुद्रात असा वेळ वाया जाणं परवडत नाही.

कोड ठरतो बोटीच्या झेंड्यावरून. मालक कुठे राहतो, याचा संबंध नाही. ऑकलंडच्या मराठी माणसाची बोट न्यूझीलंडच्या झेंड्याखाली असेल, तर ५१२. तीच बोट पुढे विकून भारतात नोंदवली, तर बीकन ४१९ वर बदलून घ्यायचा आणि नोंदणीही नव्याने करायची. कोड बदलणं हे अधिकृत विक्रेत्याचं किंवा सर्व्हिस सेंटरचं काम, घरी स्क्रू काढून करायचं नव्हे. म्हणून पैसे भरण्याआधीच "आमच्या देशाचा कोड घालून पाठवतो" हे लेखी घ्या. जुना बीकन घेताना तर डोळ्यांत तेल घालून बघा. नोंद आधीच्या मालकाच्या नावावर राहिली, तर तुम्ही बुडत असताना फोन त्याच्या घरी वाजेल!

पार्सलचीही एक गंमत. बीकनच्या पोटात लिथियमची बॅटरी असते, त्यामुळे विमान कंपन्यांच्या नियमांत तो धोकादायक मालात मोडतो. पाठवायचे कागद वेगळे, वेष्टन वेगळं, खर्चही वेगळा. इंटरनेटवर दिसलेली स्वस्त किंमत दारात येईपर्यंत बरीच फुगते.

आता थोडा इतिहास. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी संसदेच्या दोन सदस्यांना घेऊन निघालेलं छोटं विमान अलास्कात नाहीसं झालं. प्रचंड शोध झाला, ते आजतागायत सापडलेलं नाही. विमानांत संकटसूचक यंत्र हवंच, हा आग्रह त्यातून बळावला. पुढे अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांनी शीतयुद्ध ऐन भरात असताना एकत्र येऊन कॉस्पास-सारसॅट ही उपग्रह व्यवस्था उभी केली. पहिला उपग्रह १९८२ च्या जूनमध्ये सोव्हिएत संघाने सोडला आणि त्याच सप्टेंबरात कॅनडात कोसळलेल्या विमानातली तीन माणसं वाचली! एकमेकांवर अण्वस्त्रं रोखलेल्या देशांनी मिळून माणसं वाचवली, ही मला विसाव्या शतकातली फार मोठी गोष्ट वाटते. आणि ही सेवा वापरायला आजही एक पैसा लागत नाही.

पण हाक कधी कधी खोटीही निघते. २००४ मध्ये अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या एका तरुणाच्या दारात बचाव पथक येऊन उभं राहिलं. संकटात कोण होतं? कुणीच नाही. त्याचा टीव्ही बिघडून नेमक्या १२१.५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे संकटाच्या लहरीवर, ओरडत होता. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह ती जुनी लहर ऐकत नाहीत. आता काम चालतं ४०६ मेगाहर्ट्झवर. कुणी "जुना पण चालू" बीकन स्वस्तात देऊ केला, तर आधी त्याची लहर तपासा. फक्त १२१.५ वाला असेल तर घेऊच नका.

आपल्याकडच्या हाका पोहोचतात बंगळुरूला. इस्रोचं नियंत्रण केंद्र तिथे आहे, आणि समुद्रातल्या सुटकेची सूत्रं तटरक्षक दलाच्या मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअरच्या केंद्रांकडे असतात.

बीकनची किंमत काय असते, ते भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमींना विचारा. त्यांची 'थुरिया' ही बोट गोव्यात बांधलेली. ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या मुंबईत बांधलेल्या 'सुहेली'चीच ती प्रतिकृती. २०१८ च्या सप्टेंबरात, शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाने ती उलथीपालथी केली. डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत, उठताही येईना. पर्थ सुमारे १,९०० सागरी मैल दूर. ईपर्ब सुरू झाला. भारतीय नौदलाच्या विमानाने मॉरिशसहून उडून बोट हेरली आणि २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना उचललं. २०२२ च्या शर्यतीत हाच माणूस दुसरा आला!

ईपर्बची बॅटरी किमान ४८ तास हाक देते, अंगावर बाळगायचा छोटा पीएलबी किमान २४ तास. पण मुदत उलटलेल्या बॅटरीकडून ही अपेक्षा ठेवू नका. आणि जुना बीकन भंगारात तसाच टाकू नका. कचऱ्याच्या ढिगातून सुटलेल्या हाकेपायी शोधपथकं धावल्याची उदाहरणं आहेत. बॅटरीची जोडणी अधिकृत ठिकाणी काढून घ्या, नोंदही रद्द करा.

तुमच्या बोटीवर बीकन असेल, तर पुढच्या फेरीआधी तीन गोष्टी बघा: कोड झेंड्याशी जुळतो का, नोंदणीतला फोन नंबर आजचा आहे का, बॅटरीची तारीख उलटलेली नाही ना. यातलं एकही चुकलं असेल तर दुरुस्त होईपर्यंत नांगर उचलू नका.